पश्चिमेकडून उतरताना

तिसऱ्या फेरीत धावपट्टी माझ्या अंगावर धावून आली.

आधीच्या दोन फेऱ्यांत ती शहाण्यासारखी, ठरल्या वेगाने जवळ आली होती. वेगाचा काटा तेव्हाही पासष्ट मैलांवर होता आणि आताही पासष्टवरच होता. मग खालची बोरीची झाडं एवढ्या घाईने मागे का पडत होती? विमान टेकायचं नाव घेईना. रोज चाकं टेकायची त्या जागेवरचे चुना फासलेले दगड खालून निघून गेले. पुढची पट्टी भराभर संपत होती.

मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. इंजिन गरजलं, नाक वर आलं आणि हँगरचं पत्र्याचं छप्पर उजव्या पंखाखालून सरकलं. हँगरसमोर मला उडायला शिकवणारे साळवे सर उभे होते. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरलेले मला स्पष्ट दिसले.

हा ऑक्टोबर १९७८. मी चोवीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. गावाबाहेर फ्लाइंग क्लब होता. मुरमाची एक धावपट्टी, एक हँगर, दोन पुष्पक विमानं. जुलैपासून मी तिथे शिकत होते. त्या दिवशी मी पाचव्यांदा एकटी उडत होते. वीस तारखेला लायसन्सची परीक्षा होती आणि त्याआधी एकटीने उडण्याचे चार तास पुरे करायचे होते.

विमानात रेडिओ नव्हता. वारा कुठला आहे ते जमिनीवर अंथरलेला पांढऱ्या फळ्यांचा मोठा 'टी' सांगायचा. तो सांगत होता, वारा पश्चिमेचा आहे. पूर्वेकडून ये, पश्चिमेकडे तोंड करून उतर. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मी रोज तशीच उतरले होते. पावसाळ्यात आमच्याकडे वारा दुसरीकडून येतच नाही.

पाचशे फुटांवर पोचल्यावर मी वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. कापडी पिशवी पश्चिमेकडे ताठ झाली होती. म्हणजे वारा पूर्वेचा. ऑक्टोबर लागला आणि वारा उलटला, तोही मी हवेत असताना. मी वारा पाठीवर घेऊन उतरायला निघाले होते. धावपट्टी अंगावर आली ती त्यामुळे.

टी म्हणतो पूर्वेकडून ये, पिशवी म्हणते पश्चिमेकडून. टी माणसांनी ठेवलेला होता, पिशवी वाऱ्याने भरलेली होती. मी पिशवीचं ऐकलं.

मी विमान उलट्या दिशेने फिरवायला घेतलं आणि खाली बघितलं तर काय! साळवे सर आणि मकबूल मिस्त्री टीच्या दोन टोकांना धरून तो ओढत होते. मकबूलभाईंची टोपी पडली, ते ती उचलायलाही थांबले नाहीत. टी फिरला. सरांनी वर बघून हात हलवला.

मी बरोबर होते! एकटीने, वर, कुणाला न विचारता मी बरोबर ठरवलं होतं. मी कॉकपिटमध्ये मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण घरी असं ओरडले असते तर आईने शेजारच्यांना बोलावलं असतं.

पश्चिमेकडून मी कधीच उतरले नव्हते. पण तेवढीच लांबी, तेवढीच रुंदी, तोच मुरूम. वेग पासष्ट, उंची तीनशे, मग दोनशे, शंभर. आता झाडं आपल्या चालीने येत होती. पट्टीचं तोंड विमानाच्या नाकाखाली आलं. आता एकच काम उरलं होतं. दांडी नेमकी कधी ओढायची?

पुष्पक शेपटीच्या चाकावर बसणारं विमान. उतरताना दांडी ओढून नाक वर घेतलं की समोरचं काही दिसत नाही. लवकर ओढलं तर ते हवेतच वेग गमावतं आणि दगडासारखं पडतं. उशिरा ओढलं तर नाकावर आपटतं. ओढायची उंची दहा-बारा फूट, आणि उंचीचा काटा एवढ्या कमी उंचीवर विश्वासाचा नसतो. त्यासाठी साळवे सरांचं एक वाक्य होतं. पहिल्या दिवशी सांगितलेलं आणि रोज म्हटलेलं.

"डावीकडे पट्टीच्या कडेला बघायचं. गवत हिरवं दिसतंय तोवर थांब. पातं दिसलं की ओढ."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. 'अंदाज येईल हळूहळू' असं सगळे म्हणायचे, पण अंदाज म्हणजे काय ते कुणी सांगत नव्हतं. ही मात्र खूण होती. वर्णपटमापीच्या भिंगातून दोन रेषा वेगळ्या होताना बघाव्यात तसं हिरवं फुटून त्यातून पाती वेगळी होत. त्या क्षणी मी ओढायची. तीन महिन्यांत ही खूण मला एकदाही चुकली नव्हती.

मी डावीकडे बघितलं. हिरवं. हिरवं. पातं.

मी ओढलं.

नाक वर आलं. थ्रॉटल बंद केला. आता चाकांचा खरखर आवाज यायला हवा होता. आला नाही. सगळं विलक्षण शांत झालं. दांडी हातात सैल पडली, जणू तिच्या दुसऱ्या टोकाला काही बांधलेलंच नाही. विमान अंगभर थरथरलं. मी खिडकीतून खाली बघितलं आणि मला जमीन दिसली, खूप खाली. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीतून अंगण दिसतं तितकी खाली.

डावा पंख कलला आणि आम्ही पडलो.

पहिला आवाज चाकाचा. दुसरा पंखाचा, कापड फाटल्याचा आणि त्यामागोमाग लाकूड मोडल्याचा. मग नाकावरचा फिरता पंखा मुरमात घुसला आणि विमान गर्रकन फिरून पट्टीबाहेर गवतात जाऊन थांबलं. मी पट्ट्यांना लोंबकळत होते. हनुवटीवरून काहीतरी गरम गळत होतं. पेट्रोलचा वास आला तेव्हा माझ्या हातांनी स्वतःहून कामं केली. स्विच बंद, पेट्रोलची कळ बंद, पट्टे, दार.

मी गवतात रांगत बाहेर आले तर समोर विळा.

"अगं बया, जित्ती हाय!" विळ्यामागे एक बाई होती. डोक्याला पदर गुंडाळलेला, कमरेला गवताची मोळी बांधायची दोरी. "बाई, लागलं का वं? उठू नगा. नाय, उठा. त्याचा भडका उडंल."

"तुम्ही कोण?"

"मी द्रौपदा. दूध संघाचं गवात कापते. आन तुमी थेट माज्या गवतात आला की!"

तिने मला काखेत धरून वीस-पंचवीस पावलं लांब नेलं. तेवढ्यात साळवे सर आले. साठीला आलेला माणूस अर्धी पट्टी पळत आला होता. त्यांनी माझी हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं.

"नाव?"

"कुमुदिनी टिपणीस."

"वार?"

"शनिवार."

"सव्वीसचा वर्ग?"

"सहाशे शहात्तर. सर, मी ठीक आहे."

"मला नाही येत सव्वीसचा वर्ग," सर म्हणाले. "पण लगेच सांगितलास म्हणजे बरोबर असेल." मग त्यांनी मोडलेल्या विमानाकडे बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "टी फिरायच्या आत तू फेरी बदललीस. पोरी, तेव्हा मी टाळ्या वाजवणार होतो. मग एवढ्या वर का ओढलंस?"

"पातं दिसलं, सर."

"पंचवीस-तीस फुटांवरून पातं?"

"दिसलं."

"टिपणीस, इथे आपण दोघंच आहोत. घाबरली असशील तर तसं सांग. मीही घाबरलो होतो, खालून बघताना."

"मी न्हाई का हितं?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"मी घाबरले नव्हते, सर."

सरांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसत होतं. ते मला हनुवटीपेक्षा जास्त लागलं.

क्लबचा एक रिवाज होता. ज्याने मोडलं त्याने स्वतःच्या हाताने अपघाताच्या वहीत नोंद करायची आणि ती हात धुण्याआधी करायची. हात धुतले, चहा प्यायला, चार लोकांशी बोललं की गोष्ट बदलते, असं क्लब काढणाऱ्यांचं म्हणणं होतं. नियम चांगला होता. म्हणून दुपारी बारा वाजता मी क्लबच्या खोलीत बसले होते. हनुवटीला मकबूलभाईंनी लावलेली पट्टी, हातांवर माती, रक्त आणि गवताचा रस. समोर वही, आणि वहीपलीकडे सेक्रेटरी लोहोकरे. ते गावातून स्कूटरवर आले होते आणि अजून हेल्मेट काढायला विसरले होते.

"मिस टिपणीस, जीव वाचला, सगळं वाचलं," ते म्हणाले. "आता दोन ओळी लिहा. 'उतरताना घाबरून दांडी लवकर ओढली.' सही करा, हात धुवा. चहा मागवलाय."

"मी घाबरले नव्हते."

"मग काय झालं?"

"ते अजून माहीत नाही."

लोहोकऱ्यांनी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"हे बघा," लोहोकरे समजुतीने म्हणाले, "घाबरलं म्हटलं की कारण मिळतं. समिती सहा महिने एकटीने उडणं थांबवेल, मग परत सुरू. कारणच नाही म्हटलं तर? विनाकारण विमान पाडणाऱ्याला समिती पुन्हा चढूच द्यायची नाही. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

मी वहीची मागची पानं चाळली. मुलांच्या नोंदी होत्या. 'वाऱ्याचा झोत.' 'चाकाखाली दगड.' 'कुत्रं आडवं आलं.' कुत्रं तीन वेळा आडवं आलं होतं. 'घाबरून' हा शब्द सबंध वहीत एकदाच होता, बाहत्तर साली. खाली सही होती, सुलभा दिघे. माझ्याआधी क्लबमध्ये शिकलेली ती एकुलती एक मुलगी. त्या नोंदीनंतर ती परत आली नव्हती.

"मला वेळ द्या," मी म्हटलं.

"किती?"

"कारण सापडेपर्यंत."

"पाचला मी गावात जाणार. पाचपर्यंत तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहीन. आणि तोवर हात धुवायचे नाहीत हं. रिवाज आहे."

"नाही धुणार."

मकबूलभाईंनी दुसरं पुष्पक आणि बैलजोडी लावून मोडलेलं विमान हँगरपर्यंत आणण्याचा बेत केला होता, पण सरांनी विमानाचं नाव ऐकताच त्यांना झापलं, तेव्हा नुसती बैलजोडी लावली. मी हँगरमध्ये पोचले तेव्हा ते चाकाच्या दांड्यात अडकलेला पाला उपसत होते आणि एकटेच बडबडत होते.

"ताई, तुमी पट्टीवर उतरला का उसात? हे बघा, एवढा कचरा. ऊसच हाय."

त्यांनी एक पान माझ्या हातात दिलं.

ते लांब, करवती कडेचं पान होतं. मध्ये पांढरी शीर. माझ्या अंगठ्यापेक्षा रुंद. माझ्या तळहातावर सकाळपासून ज्या बारीक चिरा झोंबत होत्या त्या असल्या पानांच्या होत्या.

मी ते पान बघत उभी राहिले.

"मकबूलभाई, तुमचा व्हर्नियर द्या."

"आता काय मोजता, ताई? मोडलंय ते मोडलंय."

"द्या ना!"

पान चोवीस मिलिमीटर. मी धावत हँगरबाहेर पूर्वेच्या टोकाकडे गेले. जिथे तीन महिने उतरले होते तिथलं पट्टीच्या कडेचं गवत उपटलं. आपली साधी कुसळी. पातं तीन मिलिमीटर. आठपट फरक.

द्रौपदाबाई मोळ्या बांधत होत्या. मी त्यांना गाठलं. "द्रौपदाबाई, पश्चिमेच्या टोकाला कुठलं गवत आहे?"

"हत्ती गवात. दूध संघानं लावलंय. मिरगात कांड्या लावल्या, आता दुसरी कापनी झाली. गुडघ्याएवढं फुटलंय बघा परत. म्हशी लई आवडीनं खात्यात."

"मृगात? म्हणजे जूनमध्ये? मेमध्ये नव्हतं?"

"मेमदी काय असतंय हितं? धूळ."

जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा पश्चिमेचा. गवत लावल्यापासून पश्चिमेकडून कुणी उतरलंच नव्हतं. मीच नव्हे, सरसुद्धा नव्हते. ते गवत सगळ्यांनी जमिनीवरून बघितलं होतं, उतरताना कुणीच बघितलं नव्हतं. उडत्या विमानातून तिरकं बघताना कुसळीची पाती दहा-बारा फुटांवर येईपर्यंत वेगळी दिसत नाहीत. हत्ती गवताची पानं त्याच्या कितीतरी वरून दिसणार. अगदी आठपट उंचीवरून नाही, कारण पानं एकमेकांवर पडलेली असतात. पण माझ्या बाबतीत अडीचपटच पुरेसं होतं.

मी खूण पाहिली होती आणि खुणेवर ओढलं होतं. मी चुकले नव्हते, खूण चुकली होती.

पण हे माझं म्हणणं झालं. वाचन दुसऱ्यानेही घ्यायला हवं.

हँगरच्या भिंतीवर मी काळी ताडपत्री टांगली. तिच्यावर डावीकडे कुसळीची पाती शेजारी शेजारी चिकटवली, दोन पात्यांत पात्याएवढंच अंतर सोडून. उजवीकडे तशीच हत्ती गवताची पानं. चिकटवायला मकबूलभाईंचं ग्रीस. माझे हात आता असे झाले होते की धुवायचा प्रश्न हात सोडून कपड्यांपर्यंत गेला होता.

"मकबूलभाई, इथून मागे चालत जा. डावीकडची पाती एकमेकांत मिसळली की सांगा."

मकबूलभाई दोन पावलं गेले. "मिसळली."

"एवढ्यात?"

"चष्मा घरी हाय, ताई."

द्रौपदाबाईंची नजर लख्ख होती. कुसळीसाठी त्या पंधरा पावलांवर थांबल्या. मी चौदा पावलांवर. मग मी क्लबच्या खोलीत गेले आणि दारातूनच म्हटलं, "सर, जरा बाहेर येता?"

लोहोकरेही मागोमाग आले, वही काखेत मारून.

मी सरांना काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, "मागे चालत जा. पाती दिसेनाशी झाली की थांबा. आधी डावीकडची."

सर नेहमीसारखे कुरकुरत निघाले. "या वयात उलटं चालायला लावतेस." पंधराव्या पावलावर ते थांबले. "गेली. हिरवं झालं."

"आता उजवीकडची."

सर चालायला लागले. वीस. तीस. हँगरच्या सावलीतून ते उन्हात गेले. "दिसतंय," ते म्हणाले. चाळीस. पन्नास. "दिसतंय अजून." त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा पन्नासाच्या सुमारास गेली. ते पेट्रोलच्या पिंपांपलीकडे गेले, टीच्या पलीकडे गेले. माझ्याकडे तोंड करून, एक एक पाऊल मागे टाकत, एवढे लांब गेले की त्यांना ओरडावं लागलं.

"अजून दिसतंय!"

"मोजताय ना, सर?"

"ब्याण्णव! अजून दिसतंय, टिपणीस!"

एकशे चार पावलांवर ते थांबले. मग सरळ चालत परत आले. येताना त्यांनी पावलं मोजली नाहीत.

"हे वाक्य माझ्या गुरूंचं," ते म्हणाले. लोहोकऱ्यांकडे नाही, माझ्याकडे बघून. "जोधपूरला शिकवलं मला त्यांनी. मी वीस वर्षं ते पुढे सांगत आलो. खरं सांगू? मी स्वतः कधीच पातं बघून उतरलो नाही."

"मग कसे उतरता?"

"काय माहीत! उतरतो." ते हसले, पण हसण्यात आनंद नव्हता. "पोरं मान डोलवतात, 'हो सर, पातं सर' म्हणतात, आणि मग आपापलं काहीतरी शोधून काढतात. त्यामुळे वाक्य चुकीचं आहे हे कधी कळलंच नाही. वीस वर्षांत माझं ऐकणारी तू पहिली."

सकाळपासून मी बरोबर आहे हे सिद्ध करायला धडपडत होते, आणि ते सिद्ध झालं तेव्हा साळवे सरांसमोर मान वर करवेना.

"सर, दोष तुमचा नाही. मीही दुसरं काही बघितलं नाही. समोर सबंध पट्टी होती."

"ते तर आहेच," सर म्हणाले. "तो तुझा हिस्सा. तो तू लिही."

लोहोकरे इतका वेळ ताडपत्रीकडे बघत होते. "पण हे गवत लावायला परवानगी..." ते म्हणाले आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं.

"दोन वेळा पेढं दिलं तुमाला संघानं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "इसरला?"

लोहोकऱ्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. मी ग्रीसच्या हाताने लिहिलं. 'दांडी ओढण्याची उंची केवळ कडेच्या गवताच्या पात्यावरून ठरवली. पश्चिमेला गवत वेगळ्या जातीचं आहे हे माहीत नव्हतं. त्यामुळे सुमारे तीस फुटांवर ओढलं. घाबरले नव्हते.' सही केली. त्याखाली सरांनी लिहिलं, 'पात्याची खूण मी शिकवली. आजपासून रद्द. जे. साळवे.'

लोहोकऱ्यांनी दोन्ही नोंदी वाचल्या. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं डोकं वकिलाचं होतं.

"ठीक. पण समिती मला एक विचारेल. खूण रद्द झाली. हिला दुसरी खूण माहीत नाही. म्हणजे आज या मुलीला विमान उतरवता येतं की नाही?"

प्रश्न बरोबर होता. आणि उत्तर मलाच माहीत नव्हतं.

सरांनी पिशवीकडे बघितलं. वारा अजून पूर्वेचा होता. "मकबूल, दुसरं काढ बाहेर."

"आत्ता, सर?" मी म्हटलं.

"आत्ता. झोपून उठलीस की तुझं डोकं त्यावर समीकरण मांडेल."

साडेचारला आम्ही उडालो, सर उजवीकडे, मी डावीकडे. पाचशे फुटांवर आम्ही वळलो. मोडलेलं चाक, फाटलेलं कापड, ती खोल गेलेली जमीन, सकाळपासून ज्याला वेळ मिळाला नव्हता ते सगळं आता आलं होतं.

"सर, मी घाबरलेय," मी ओरडून सांगितलं. "आत्ता. सकाळी नव्हते."

"बरं!" सर ओरडले. "काटा किती?"

"पासष्ट."

"मग उतरव."

"कुठे बघू?"

"मला नको विचारू. माझं ऐकून काय झालं बघितलंस ना?" आणि त्यांनी दोन्ही हात काखेत घालून घेतले.

दोनशे फूट. शंभर. पश्चिमेचं टोक जवळ आलं. डावीकडे हत्ती गवताचं एकेक पान मला दिसायला लागलं. उजवा हात ओढायला निघाला. मी तो थांबवला. पानांवरची नजर काढून दूर टाकली, पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे मुरूम आणि आकाश मिळतात. आणि तिथे बघताना एक नवीन गोष्ट झाली. पट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पसरायला लागल्या. जमीन दोन्ही बाजूंनी वर आली, हौदात उतरताना पाणी खांद्याशी येतं तशी. कुठलीच रेषा दुसरीपासून वेगळी झाली नाही. नोंदवावं असं काही घडलंच नाही. हात मागे आला. नाक वर आलं.

खरखर.

तिन्ही चाकं एकदम टेकली. विमान उसळलंही नाही. आम्ही मुरमावरून धावत होतो आणि मी हसत होते, आणि हनुवटीची पट्टी सुटून गळ्यात आली होती.

हँगरसमोर विमान थांबलं. इंजिन चालूच होतं.

"किती फुटांवर ओढलंस?" सरांनी विचारलं.

मी आठवून बघितलं. खरोखर प्रयत्न केला. "माहीत नाही, सर."

"काय बघून ओढलंस?"

"तेही माहीत नाही."

साळवे सर इतक्या जोरात हसले की इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं. मग त्यांनी दार उघडलं, खाली उतरले आणि आपल्या रिकाम्या सीटचे पट्टे लोंबकळू नयेत म्हणून एकमेकांत गुंतवून ठेवले.

लोहोकरे वही छातीशी धरून पंख्याच्या वाऱ्यात धावत आले. "अहो साळवे! एकटीला? आज?"

"मग काय," सर दार लावत म्हणाले, "तुम्ही बसता का शेजारी?"

लोहोकरे दोन पावलं मागे सरले. मी विमान पट्टीकडे वळवलं.